जमिनीलगत, सावकाश : लोरायडर मोटारींचा इतिहास

मोटारीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या साली किती अश्वशक्ती, कोणत्या शर्यतीत कोण पहिला, कोणत्या कारखान्यातून किती गाड्या बाहेर पडल्या, असे त्याचे कथानक असते. ज्यांनी धडधाकट कौटुंबिक गाडी घेऊन ती मुद्दाम खाली बसवली आणि मग माणूस चालेल इतक्या वेगाने शहरातून फिरवली, त्यांना या कथानकात जागा नसते. लॉस एंजेलिस आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मेक्सिकन-अमेरिकन समाजाने घडवलेल्या अशा गाड्यांना ‘लोरायडर’ म्हणतात. साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक वाचतात त्या पानावर मोटारीचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या इतिहासाच्या मध्यभागी एक वाक्य आहे, कायद्याच्या पुस्तकातले. आणि गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसांनी त्या वाक्याचे केलेले वाचन आमच्या वर्गांतून होणाऱ्या पुष्कळ वाचनांपेक्षा अधिक सूक्ष्म आहे.

आधी कृती समजून घेऊ. मोटारीचा सांगाडा चाकांवर थेट टेकलेला नसतो. मध्ये स्प्रिंगा असतात, आणि रस्त्याचे धक्के त्या पचवतात. गाडी खाली आणायची तर या स्प्रिंगांचे काहीतरी करावे लागते. सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे डिकीत वाळूची पोती टाकणे. पोती काढली की गाडी पूर्ववत, त्यामुळे वडिलांची गाडी मागून आणणाऱ्या मुलाला तो सोयीचा. त्यापुढची पायरी म्हणजे स्प्रिंगेचे एकदोन वेढे कापून टाकणे, किंवा ती तापवून दबवणे. मागे पाटे असतील तर पाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळे बसवणे. यांपैकी कशानेही गाडी अधिक चांगली चालत नाही. ती उसळते, वळणावर घासते, खड्ड्यात आपटते. आपल्याकडे गाडी घेताना घरातले वडीलधारे पहिला प्रश्न ‘पोट घासणार नाही ना?’ असा विचारतात. गतिरोधकांच्या या देशात राहून हा सगळा खटाटोप समजून घ्यायला थोडी कल्पनाशक्ती ताणावी लागते, हे आम्ही मान्य करतो.

गाडी खाली आणणे ही केवळ मेक्सिकन-अमेरिकनांची मक्तेदारी नव्हती. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातले गोरे तरुणही जुन्या गाड्या कापून-जोडून नव्या करीत होते. परंतु त्यांच्यातल्या हॉट-रॉडवाल्यांचे लक्ष इंजिनाकडे होते. मोहावे वाळवंटातील कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत गाडी किती वेगाने पळते, हा त्यांचा प्रश्न. पूर्व लॉस एंजेलिसच्या वस्त्यांत तो प्रश्नच निराळा होता. तेथील तरुणाच्या वाट्याला येई ती कुणीतरी वापरून विकलेली शेव्हरोले. साधी, घरोघरी दिसणारी. तिला पळवण्यापेक्षा तिला दिसू द्यायचे होते. ‘बाहितो इ सुआवेसितो’, म्हणजे खाली आणि अलगद, हे त्यांचे स्पॅनिश ब्रीद होते.

या ‘दिसण्या’ला एक पूर्वेतिहास आहे, आणि तो कापडाचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेक्सिकन-अमेरिकन तरुणांमध्ये ‘झूट सूट’ नावाचा पोशाख रूढ होता. लांब, खांद्यांत भरलेला कोट आणि घोट्यापाशी आवळलेली ढगळ विजार असे त्याचे रूप. १९४२ साली युद्धोत्पादन मंडळाने कपड्यांतील लोकरीच्या वापरावर मर्यादा घातली आणि एवढे कापड अंगावर बाळगणे ही देशद्रोहाची निशाणी ठरू लागली. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये खलाशी आणि सैनिक टोळ्यांनी हिंडले, असे तरुण हेरून त्यांना त्यांनी मारहाण केली आणि भर रस्त्यात त्यांचे कपडे फाडले. पोलिसांनी पकडले ते बहुतांशी मार खाणाऱ्यांना. पुढे नगरपरिषदेत हा पोशाखच गुन्हा ठरवावा असा ठरावही आला. (लुईस वाल्देसचे ‘झूट सूट’ हे १९७८ सालचे नाटक, आणि १९८१ सालचा त्याच नावाचा चित्रपट, या काळाविषयीच आहे, तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांनी तो अवश्य पाहावा.) कपडा ठरल्यापेक्षा जास्त रुंद होता, म्हणून गुन्हा. पंधरा वर्षांनी गाडी ठरल्यापेक्षा जास्त बुटकी निघाली.

१ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या वाहनकायद्यात एक कलम अमलात आले. पुढे ते २४००८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा: मूळ रचनेत फेरफार करून प्रवासी वाहनाचा चाकांखेरीज कोणताही भाग चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा रस्त्याच्या अधिक जवळ आला असेल, तर ते वाहन चालवणे बेकायदेशीर आहे. मजकूर अगदी निर्विकार आहे. त्यात कोणत्याही समाजाचे, वस्तीचे, भाषेचे नाव नाही. टायर फुटून गाडी रिमवर आली तरी तिचे पोट रस्त्याला लागू नये, असे सुरक्षिततेचे समर्थनही त्याला सहज देता येते. तथापि अंमलबजावणी शब्दांच्या बाहेर होते. रस्त्याच्या कडेला कोणाला थांबवायचे आणि कोणाच्या गाडीखाली वाकून मोजायचे, हे गणवेशातला माणूस ठरवतो; आणि पूर्वेकडच्या वस्त्यांत तो कोणाला थांबवीत असे याविषयी फारसा संशय नव्हता.

या कलमाचे उत्तर १९५९ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील रॉन अगिरे या तरुणाने आपल्या वडिलांच्या मदतीने दिले. विमानांतले निकामी झालेले हायड्रॉलिक पंप युद्धोत्तर काळात भंगाराच्या भावाने मिळत. ते त्याने आपल्या गाडीला बसवले. बटन दाबले की तेल दाबाखाली नळकांड्यात जाई आणि गाडी वर उचलली जाई. झडप उघडली की ती खाली बसे. ज्या गाडीवर हा प्रयोग झाला ती १९५७ सालची कॉर्व्हेट, म्हणजे खेळाडू वळणाची, कौटुंबिक नव्हे. परंतु ही युक्ती लवकरच साध्या शेव्हरोलेंमध्ये उतरली. येथे योगायोगाचाही भाग आहे. १९५८ ते १९६४ या काळातल्या शेव्हरोले इंपालाचा सांगाडा इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराचा होता. बाजूचे उभे गज नसल्याने बाजूने धडक बसली तर संरक्षण कमी, म्हणून त्यावर टीका झाली. पण नेमकी हीच रचना हायड्रॉलिक बसवायला आणि गाडी अगदी खाली आणायला सोयीची निघाली. १९६४ ची इंपाला आजही या परंपरेतील मानाची गाडी आहे.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात उंचीचा क्षण सांगितलेला नाही. गाडी नेहमी किती उंच असावी याविषयी तो मजकूर मौन पाळतो. मोजताना ती रिमच्या वर असली म्हणजे झाले. अगिरेने ही फट वाचली. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली. कायदा मोडला असे म्हणावे, तर मोजपट्टी लावताच गाडी निर्दोष; पाळला असे म्हणावे, तर अवघा रस्ता हसतो आहे. श्लेषाचे याहून नेटके उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

चिकानो कलेचे अभ्यासक तोमास इबार्रा-फ्राउस्तो यांनी १९८९ साली ‘रास्क्वाचिस्मो’ ही संकल्पना मांडली. गावंढळ, हलके असे हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द त्यांनी तुटपुंज्या साधनांतून घडणाऱ्या सौंदर्यदृष्टीसाठी उचलला. आपल्याकडे लगेच ‘जुगाड’ आठवेल. साम्य आहे, पण फरक मोठा आहे. काम भागले की जुगाड थांबतो. लोरायडरचे काम भागल्यावर खरी सुरुवात होते: रंगाचे थरावर थर, आत मखमल, सोनेरी रेघा, चकाकते क्रोम, आणि त्यावर कित्येक वर्षांची पगाराची शिल्लक. म्हणूनच ‘प्रतिकार’ हा परिसंवादांतला लाडका शब्द येथे सरसकट चिकटवायला आम्ही राजी नाही. यात हौस आहे, कारागिरीचा अभिमान आहे, शेजाऱ्यावर मात करण्याची ईर्षाही आहे. १९६२ पासून चालत आलेल्या ‘ड्यूक्स’सारख्या मंडळांत तर घराणीच्या घराणी गुंतलेली आहेत.

या गाड्यांचे रंगमंच म्हणजे रविवारच्या संध्याकाळी भरून जाणारे रस्ते. त्यांत व्हिटियर बुलेवार्ड अग्रगण्य. १९६० च्या आसपास पूर्वेच्या याच वस्त्यांतून महामार्गांचे जाळे बांधले गेले. बॉइल हाइट्समध्ये अनेक महामार्ग एकत्र येतात तो प्रचंड गुंता घरे पाडून उभा राहिला, उपनगरांतून येणाऱ्यांना वस्ती न पाहता वेगाने पार होता यावे म्हणून. त्या पुलांच्या खालच्या रस्त्यांवर ही माणसे मुद्दाम हळू चालत होती. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ निघालेला चिकानोंचा मोठा मोर्चा पोलिसांनी उधळला. त्या दिवशी पत्रकार रुबेन सालाझार व्हिटियर बुलेवार्डवरच्याच ‘सिल्व्हर डॉलर’ या उपाहारगृहात अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. ज्या रस्त्यावर हे घडले त्यावर पुढच्या आठवड्यांत गाडी खाली बसवून सावकाश फिरणे हे पूर्वीइतके निरागस राहिले नसणार. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शेरीफच्या खात्याने हा रस्ता अशा फेऱ्यांसाठी बंद केला.

दरम्यान ही गाडी जगासमोर आली. जेसी वालादेस यांची गुलाबी, अंगभर गुलाब रंगवलेली १९६४ ची इंपाला, ‘जिप्सी रोझ’, १९७४ साली सुरू झालेल्या ‘चिको अँड द मॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या श्रेयनामावलीत दिसू लागली. १९७७ मध्ये सॅन होझे येथे ‘लोरायडर’ मासिक निघाले. ते २०१९ पर्यंत छापले जात होते. त्याच्या मुखपृष्ठांवर गाडीला टेकून उभ्या राहिलेल्या तोकड्या वस्त्रांतल्या स्त्रिया नेमाने असत. स्वतः गाड्या बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या स्त्रिया या परंपरेत होत्या. मासिकाने त्यांना शोभेची वस्तू करून ठेवले. ज्यांना इतरांनी कसे पाहिले याची तक्रार होती, त्यांनी आपल्याच स्त्रियांना कसे पाहिले, हा प्रश्न या इतिहासातून वगळता येत नाही.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात न्यू मेक्सिकोतील चिमायो गावची ‘डेव्ह्ज ड्रीम’ आहे: १९६९ सालची फोर्ड एलटीडी. ती सजवू लागलेला तरुण १९७८ मध्ये मोटार-अपघातात गेला. उरलेले काम त्याच्या कुटुंबीयांनी आणि मित्रांनी पुरे केले. आम्हांला या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक बोलकी वाटते ती हीच गाडी. मुळात ती घरच्या मंडळींना बसवून नेण्यासाठी बनलेली होती. शेवटी घरच्या मंडळींनीच ती एका गेलेल्या माणसासाठी घडवली.

संग्रहालयात मान मिळाला तरी रस्त्यावर मिळाला नाही. १९८० च्या दशकापासून राज्याने नगरपालिकांना ‘क्रूझिंग’ला, म्हणजे अशा सावकाश फेऱ्यांना, बंदी घालण्याची मुभा दिली होती. ठरावीक तासांत एकाच ठिकाणावरून गाडी पुन्हा गेली की अपराध, अशी या नियमांची साधारण व्याख्या. म्हणजे पुनरावृत्ती हाच गुन्हा. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने १९९२ मध्ये लावलेली बंदी २०२३ मध्ये उठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी एका विधेयकावर सही केली आणि १ जानेवारी २०२४ पासून नगरपालिकांचा बंदीचा अधिकार आणि उंचीचे ते जुने कलम, दोन्ही गेले. कलम सहासष्ट वर्षे टिकले. पंप कोणी काढून टाकलेले नाहीत. ज्यांच्या गाड्यांत पूर्वी एक असे त्यांच्या डिकीत आता अनेक आहेत, शेजारी बॅटऱ्यांची रांग आहे, आणि स्पर्धांमध्ये गाडीचे पुढचे चाक जमिनीपासून किती उंच उडते ते उभी पट्टी लावून मोजले जाते.