पंधरा डॉलरचा रिसिव्हर आणि उशिरा जन्मलेले आपण

अमेरिकेतल्या जुन्या ऑडिओच्या शौकिनांमध्ये थोडा वेळ बसलं की एक ठरावीक गोष्ट ऐकायला मिळते. १९९४-९५चा सुमार, कुठलं तरी थ्रिफ्ट स्टोअर, बंद पडलेल्या टोस्टर आणि व्हीसीआरच्या रांगेत एक चंदेरी तोंडाचा जाडजूड रिसिव्हर आणि त्यावर पंधरा डॉलरची चिठ्ठी. सांगणारा पन्नाशीच्या पुढचा, ऐकणारा माझ्या वयाचा. आपल्याकडे ‘आमच्या वेळी सोनं शंभर रुपये तोळा होतं’ म्हणणारे आजोबा असतात ना, तोच सूर. फरक एवढाच की सोन्याचा भाव तेव्हाही रोज पेपरात छापून यायचा. त्या रिसिव्हरचा भाव काय, हे दुकानदाराला माहीत नव्हतं, देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि बऱ्याचदा घेणाऱ्यालाही नव्हतं.

मी गेली चार वर्षं ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहतो. आठवड्याचे पाच दिवस सॉफ्टवेअरचे आणि शनिवारची सकाळ थ्रिफ्ट स्टोअरची. लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू स्वस्तात विकणारी ही दुकानं. कपडे, कपबश्या, पुस्तकं आणि मागच्या भिंतीला लागून इलेक्ट्रॉनिक्सचं एक केविलवाणं शेल्फ. एवढ्या शनिवारांत मला पंधरा डॉलरचा मरँट्झ एकदाही दिसलेला नाही. का दिसत नाही, याच्या मागे लागलो तेव्हा कळलं की खरा प्रश्न उलटा आहे. एवढं चांगलं यंत्र पंधरा डॉलरला मिळायचंच कसं?

आधी यंत्राविषयी. रिसिव्हर म्हणजे अँप्लिफायर आणि रेडिओ एकाच पेटीत. मागे रेकॉर्ड प्लेअर आणि टेप डेक जोडायला जागा, पुढे स्पीकर. साठच्या दशकाच्या शेवटापासून असल्या पेट्यांचं केंद्र जपानकडे सरकलं. मरँट्झचंच बघा. सॉल मरँट्झ हा न्यूयॉर्कचा ग्राफिक डिझायनर. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं स्वतःच्या घरासाठी एक प्रीअँप बनवला आणि त्यातून कंपनी उभी राहिली. ‘१०बी’ नावाचा एफएम ट्यूनर बनवताना एवढा पैसा ओतला गेला की १९६४ मध्ये कंपनी सुपरस्कोपला विकावी लागली. पुढे मरँट्झचे रिसिव्हर जपानमध्ये बनू लागले. आज ज्यासाठी लोक जीव टाकतात ते निळ्या डायलचे मरँट्झ म्हणजे अमेरिकन नाव आणि जपानी हात.

यातली बरीच यंत्रं अमेरिकेत आली ती सैनिकांच्या सामानातून, हे मला ठाऊक नव्हतं. व्हिएतनाम युद्ध भरात असताना तिथे पाच लाखांवर अमेरिकन सैनिक होते. छावणीतल्या सरकारी दुकानांत, ज्यांना ते पीएक्स म्हणतात, सान्सुई, अकाई, पायोनियर, केनवुड ही जपानी यंत्रं अमेरिकेतल्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळत. पॅसेक्स नावाचा कॅटलॉग असायचा. त्यातून निवडायचं, पैसे भरायचे, की सामान परस्पर अमेरिकेतल्या घरी पोचायचं. म्हणजे जंगलात बसून एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आपण जिवंत परतलो तर काय ऐकायचं, हे ठरवत होता. काहींच्या घरी खोकं आधी पोचलं असेल. त्यापुढची कल्पना करायला नको.

मग १९७४ साल आलं आणि सरकारच्या एका नियमानं या यंत्रांचं वजनच बदललं. त्याआधी अँप्लिफायरच्या वॉटबद्दल कंपन्या वाटेल ते छापायच्या. आपल्याकडच्या मुठीएवढ्या कॉम्प्युटर स्पीकरवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल, तसलाच प्रकार. फेडरल ट्रेड कमिशनचा नियम नोव्हेंबर १९७४ मध्ये लागू झाला. आकडा छापायचा असेल तर दोन्ही चॅनेल एकदम चालवून, सलग मिळणारी शक्ती मोजूनच छापा. आणि मोजण्याआधी यंत्र एक-तृतीयांश शक्तीवर तासभर चालवा.

ही तासाभराची अट वाचून मला हसू आलं. नियम लिहिणाऱ्यांत एखादा इंजिनिअर नक्की बसला असणार. या जातीचा अँप्लिफायर पूर्ण ताकदीवर चालतो तेव्हा सर्वांत जास्त तापत नाही. तो तापतो साधारण एक-तृतीयांशच्या आसपास, कारण तिथे ट्रान्झिस्टरमध्येच बरीच शक्ती उष्णता होऊन जाते. म्हणजे कंपनीला नेमकं तिच्या दुखऱ्या जागी उभं करायचं. यातून पास व्हायचं तर मोठे हीटसिंक हवेत, दणकट ट्रान्सफॉर्मर हवा.

आकडे आता खरे असल्यामुळे त्यांच्यावर खरी चढाओढ लागली. १९७६ मध्ये पायोनियरचा एसएक्स-१२५० आला, चॅनेलमागे १६० वॉट. १९७८ मध्ये एसएक्स-१९८०, २७० वॉट, वजन पस्तीस किलो. टेक्निक्सनं ३३० वॉटचा काढला. दिवाणखान्यात गाणी ऐकायला एवढे वॉट कुणालाच नको होते. नेहमीच्या आवाजात एक-दोन वॉट पुरतात. तरी चढाओढ चालली आणि तिच्या नादात मधल्या-खालच्या मॉडेलांतसुद्धा पत्रा, ट्रान्सफॉर्मर, बटणं सगळं चोख आलं. ट्यूनिंगच्या बटणामागे जड चाक असायचं. एक झटका दिला की काटा डायलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपोआप सरकत जायचा. आज तसं बटण बनवायचं म्हटलं तर कुठलाही प्रॉडक्ट मॅनेजर पहिल्या बैठकीत उडवून लावेल.

हे फार दिवस टिकणार नव्हतं. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा बांधलेला दर होता. १९७८ मध्ये तो २००च्या खाली आला. जपानमधून पस्तीस किलोची पेटी जहाजानं आणणं महागलं. ऐंशीच्या दशकात चंदेरी तोंडं जाऊन काळं प्लास्टिक आलं, आतले भाग हलके झाले. १९८२ मध्ये सीडी आली. जुन्या रिसिव्हरवर सीडी उत्तम वाजते, पण नवीन खोक्याशेजारी जुनं खोकं लोकांना नकोसं वाटू लागलं. मग होम थिएटर आलं: पाच स्पीकर, टीव्हीशी जोडणी. दोन स्पीकरांच्या पेटीला घरात जागाच उरली नाही. ती आधी तळघरात गेली आणि घर बदलताना किंवा घरातलं म्हातारं माणूस गेल्यावर दानाच्या खोक्यात.

दान घेणाऱ्या दुकानांचा इतिहासही इथे बघायला हवा. गुडविल १९०२ मध्ये बॉस्टनमध्ये सुरू झालं. एडगर हेल्म्स नावाचे मेथडिस्ट पाद्री श्रीमंत वस्त्यांत फिरून जुने कपडे आणि घरसामान पोत्यांत गोळा करायचे. गरीब, बेकार माणसांना ते सामान दुरुस्त करायचं काम द्यायचे आणि विक्रीतून त्यांची मजुरी निघायची. मुळात तो दुरुस्तीचा कारखाना होता, विकणं त्यानंतरचं. कपड्याला ठिगळ लावणं, खुर्चीला पाय बसवणं असल्या कामांत हे जमलं. पण ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर आला तेव्हा मागच्या खोलीत वर्गवारी करणाऱ्या बाईंपुढे दिवसाला शेकडो वस्तू. प्रत्येकीला मिळणार काही सेकंद. तिच्या लेखी त्या वस्तूची खरेदी किंमत शून्य, जड असल्यामुळे अडचण जास्त, चालते की नाही कोण बघणार. मारा चिठ्ठी पंधराची.

आपल्याकडे हे घडलंच नसतं. एक तर सत्तरच्या दशकात आयात जवळजवळ बंद, घरांत मर्फी, फिलिप्स, फार तर एचएमव्हीचा रेकॉर्ड प्लेअर आणि कुणी आखातातून आलं तर टू-इन-वन. आणि दुसरं म्हणजे आपण जुनी वस्तू दान देत नाही, भंगारवाल्याला देतो. तो काट्यावर तोलतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जे पथारीवर मांडलेलं असतं, त्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी कुणीतरी आधी पैसे मोजलेले असतात. त्यामुळे वस्तूला तळाचा एक भाव असतोच. फक्त तो भाव आवाजाचा नसून ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचा असतो. तो पस्तीस किलोचा पायोनियर आपल्याकडे आला असता तर रांगेत धूळ खात बसला नसता, चार दिवसांत फोडला गेला असता.

अमेरिकेत मात्र तो साधारण पंधरा-वीस वर्षं शेल्फांवर बसून राहिला. ही फट बुजायला सुरुवात झाली सप्टेंबर १९९५ मध्ये, जेव्हा पिएर ओमिडियारनं पुढे ज्याचं ईबे झालं ते लिलावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. मोडकी वस्तूसुद्धा कुणाला तरी हवी असते आणि तो कुणीतरी आता सापडू शकतो. रिसिव्हरची सगळी कहाणी या एका सौद्यात आली. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या गुडविलनं स्वतःचंच लिलावाचं संकेतस्थळ काढलं. मग खिशात फोन आला. मग रेकॉर्डही परत आल्या: २०२० मध्ये अमेरिकेत रेकॉर्डच्या विक्रीतून मिळालेला पैसा १९८६ नंतर पहिल्यांदाच सीडीच्या पुढे गेला. रेकॉर्ड आल्या म्हणजे त्या वाजवायला फोनो इनपुट असलेली पेटी आली.

गेल्या जानेवारीत मी आमच्या भागातल्या एका दुकानात उघडल्यावर दहा मिनिटांत पोचलो, तेव्हा एक माणूस ट्रॉलीत सान्सुई घालून निघालाच होता. चिठ्ठी २४.९९ची. मी कौतुकानं बघत राहिलो तर त्यानं थांबून फोन पुढे केला. तसाच नग मागच्या तीन महिन्यांत कितीला विकला गेला, याची यादी. सगळे आकडे दोनशेच्या वर. ‘चालतो का?’ मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. त्याला त्याची गरज नव्हती, न चालणाराही दीडशेला जातो म्हणाला. तो दर शनिवारी पाच दुकानं करतो. वाईट माणूस नव्हता. घरभाडं त्यातूनच निघतं, असं सांगत होता.

मी ऑफिसात जे लिहितो ते याहून फार वेगळं नाही. दोन ठिकाणच्या किमतींच्या याद्या घ्यायच्या, जुळवायच्या, फरक दिसला की इशारा द्यायचा. माझा कोड धान्याच्या आणि साबणाच्या किमतींवर चालतो, त्याचा फोन सान्सुईवर. त्यामुळे मला त्याच्यावर रागावताही येत नाही.

दुकानांवर तर अजिबातच नाही. ‘हल्ली चांगला माल शेल्फवर ठेवतच नाहीत, सगळा ऑनलाइन काढतात’ ही तक्रार मी खूप ऐकली आहे आणि मला ती पटत नाही. दान आलेल्या वस्तूची पूर्ण किंमत दुकानाला मिळाली तर तो पैसा कामधंद्याच्या प्रशिक्षणात जातो. पंधरा डॉलरची चिठ्ठी हे दुकानाचं नुकसानच होतं. फक्त ते नुकसान कुणाच्या पदरात पडायचं, हे बघा. मला पंधरा डॉलरची गोष्ट सांगणारे बहुतेक जण तेव्हा कॉलेजात होते, कुणी रात्रपाळीत गोदामात खोकी उचलत होता. त्यांनी ती पेटी विकायला घेतली नव्हती. खोलीवर नेली, जमिनीवर ठेवली, तार जोडली आणि एफएमवर जे लागलं ते ऐकलं. त्यांतल्या एकानं मला सांगितलं की जॅझ म्हणजे काय, हे त्याला त्या पेटीमुळेच कळलं, कारण रात्री त्याच्या गावात दुसरं काही पकडायचंच नाही. आज त्या वयाच्या पोराला तीच पेटी हवी असेल तर तीन-चारशे डॉलर मोजावे लागतात. ज्याच्याकडे ते आहेत त्याला ती मिळते. माझ्याकडे आहेत.

म्हणून शेवटी मी शहराबाहेरच्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडून पायोनियर एसएक्स-४५० घेतला. चॅनेलमागे पंधरा वॉट, त्या चढाओढीतल्या अगदी खालच्या पायरीवरचा. १८० डॉलर दिले, घासाघीस केली नाही. त्यानं सुकलेले कपॅसिटर बदलून दिले होते, डायलचे दिवे मात्र ‘तूच बदल, शिकशील’ म्हणून सोडले. झाकण उघडलं की आतला प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो, बोटानं धरता येतो, सर्किटचा नकाशा समोर ठेवून कुठला तुकडा काय करतो ते शोधता येतं. माझ्या फोनबद्दल मला असं काही म्हणता येणार नाही.

दिवे बदलताना पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेली एक तारीख दिसली, मार्च १९८९, आणि खाली कुणाची तरी आद्याक्षरं. म्हणजे त्या वर्षी, जेव्हा ही पेटी कुणी फुकट घेतली नसती, तेव्हा कुणीतरी पैसे देऊन ती दुरुस्त करून घेतली होती.