पाळलेले आणि पकडलेले

जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थ हे गाव आहे. १६०८ साली रामनवमीस सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी येथे नारायण नावाचा मुलगा जन्मास आला, आणि पुढे समर्थ रामदास या नावाने त्याने कृष्णेच्या व वारणेच्या खोऱ्यांत गावोगाव मारुतीची देवळे उभी केली. चाफळ, मसूर, शहापूर, उंब्रज, बत्तीस शिराळे अशा ठिकाणचे अकरा मारुती आजही प्रसिद्ध आहेत. मारुती म्हणजे वानर. पण समर्थांनी लोकांपुढे ठेवलेला वानर हा कोणाच्या दोरीस बांधलेला वानर नव्हे. बळ आणि मोकळेपण ही त्या मूर्तीची मुख्य खूण आहे.

आता दुसरे चित्र पाहू. त्याच मारुतीच्या पारासमोर, आठवड्याच्या बाजारात किंवा जत्रेत, डमरू वाजवीत मदारी येई. त्याच्या माकडाच्या गळ्यात दोरी, अंगात झबले. माकड सासरी जाई, रुसे, सलाम करी, आणि शेवटी वाडगे घेऊन सर्वांपुढे फिरे. देवळातील वानरास आम्ही शेंदूर लावला आणि बाहेरच्या वानराच्या वाडग्यात पैसा टाकला. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे शेकडो वर्षे कोणाच्या मनातही आले नाही. ती मनात का आली नाही आणि शेवटी कशी आली, हा इतिहास सांगण्याचा येथे विचार आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्राणी बाळगण्याचे दोन प्रकार आहेत. बैल, गाय, घोडा, कुत्रा हे पाळीव. त्यांचा आणि माणसाचा संसार हजारो वर्षे एकत्र झाला. पिढ्यान् पिढ्या माणसाच्या दावणीला जन्मल्याने त्यांचा स्वभावच निराळा घडला. बैलाला कसे वागवावे हा प्रश्न आहेच. बैलगाड्यांच्या शर्यतींवरून महाराष्ट्रात वर्षानुवर्षे खटले चालले आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पण तो प्रश्न घरातल्या माणसाला कसे वागवावे या जातीचा आहे. अस्वल, माकड, चित्ता, हत्ती यांची गोष्ट तशी नाही. हे प्राणी पाळलेले नसतात, पकडलेले असतात. त्यांना माणसाळविता येते. परंतु माणसाळलेल्या हत्तीणीचे पिल्लूही रानातल्या हत्तीचेच मन घेऊन जन्मास येते. म्हणून प्रत्येक पिढीत दोरीचे काम पहिल्यापासून सुरू करावे लागते. आमच्या मते सगळ्या वादाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

राजेरजवाड्यांपासून आरंभ करू. सवाई माधवराव पेशव्यांना प्राण्यांची मोठी हौस होती, आणि पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. तरुण पेशव्यास त्या जनावरांविषयी जिव्हाळा नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु शिकारखाना हे दरबारच्या वैभवाचे अंग होते. ज्याच्या पिंजऱ्यात सिंह, त्याची सत्ता मोठी, असा त्याचा अर्थ सर्वांना कळत असे.

कोल्हापुरास आणि बडोद्यास या वैभवाला खेळाचे रूप आले. भोवती भक्कम भिंती बांधलेल्या मैदानात मस्तीत आलेला हत्ती सोडावयाचा, आणि साठमारांनी त्याला डिवचून अंगावर घ्यावयाचे. तो धावून आला की भिंतीतल्या अरुंद दारांतून निसटावयाचे. या खेळास साठमारी म्हणत. कोल्हापुरात त्या जागेचे नाव अजून साठमारी असेच आहे. साठमाराचे धाडस खरे होते. प्राण पणास लावल्यावाचून तो खेळ होत नसे. पण त्या मैदानात स्वतःच्या इच्छेने उतरलेला एकच पक्ष होता. दुसऱ्याला त्याच्या मस्तीच्या दिवसांत गर्दीपुढे आणले जाई.

चित्त्याची कथा याहून बोधप्रद आहे. काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते बाळगण्याची चाल मोगलांपासून चालत आली. कोल्हापूर संस्थानात ती विसाव्या शतकातही टिकली होती, आणि चित्त्यांची निगा राखणाऱ्यांना चित्तेवान असे नावच पडले. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीत बसवून माळावर न्यावयाचा, काळवीट दिसला की टोपी काढून सोडावयाचा. चित्तेवान आपल्या चित्त्याला मुलासारखा जपत. तथापि एक गोष्ट जपण्याने साधत नव्हती. बंदिवासात चित्त्याची वीण होत नसे. जहांगीर बादशहाच्या वेळी एकदा पिल्ले झाली, ती त्याने नवल म्हणून नोंदवून ठेविली. शिवाय शिकार ही चित्त्याला त्याची आई शिकविते. म्हणून पिल्लू उपयोगाचे नसे, वाढलेला चित्ताच रानातून धरावा लागे. म्हणजे संस्थानात जितके चित्ते, तितके रानातून कमी. शिकार झाली, माळराने नांगराखाली गेली, आणि त्यांत ही सततची धरपकड. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. १९५२ साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. जपणाऱ्यांच्या जपण्यात खोट नव्हती. परंतु ज्याला जपले त्याचा वंश ते राखू शकले नाहीत.

संस्थानिकांची ही हौस सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती सर्कशीमुळे. आणि येथे महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक हकीकत आहे. कियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली होती. हिंदी माणसांना असा खेळ जमावयाचा नाही, असे त्याने म्हटल्याचे सांगतात. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी असलेले विष्णुपंत छत्रे यांना ते लागले. छत्रे हे अश्वविद्येतले जाणकार, शिवाय हद्दूखाँचे शागीर्द आणि गवय्ये. त्यांनी १८८० साली मुंबईस स्वतःची सर्कस उभी केली, आणि हिंदी सर्कशीचा जन्म झाला. छत्र्यांच्या मागून म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची निघाली, आणि सांगली-मिरज-तासगावचा मुलूख सर्कसवाल्यांचा मुलूख ठरला. परक्या सत्तेच्या काळात एक मराठी माणूस वाघ-सिंहांच्या पिंजऱ्यात निर्भयपणे उभा राहतो, या दृश्याचा लोकांच्या मनावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे.

या परंपरेतील श्रेष्ठ नाव पुण्याच्या दामू धोत्र्यांचे. १९०२ साली जन्मलेले धोत्रे लहानपणीच सर्कशीत शिरले आणि १९४० साली अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स या जगप्रसिद्ध सर्कशीत गेले. बिबळे आणि वाघ यांच्याशी ते ज्या सहजतेने वागत, तिची तेथे वाखाणणी झाली. जनावराची ओळख करून घेणे, त्याच्या कानांवरून व शेपटीवरून त्याचे मन वाचणे, ही त्यांची विद्या होती. तिला विद्या म्हणण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. परंतु खेळ दोन-तीन तासांचा, आणि दिवस चोवीस तासांचा. उरलेले तास तो वाघ कोठे असे? गाडीवरच्या पिंजऱ्यात, उभे राहून वळता येईल एवढ्या जागेत. सर्कशीतले वाघ-सिंह पुढे पुढे पिंजऱ्यातच जन्मू लागले हे खरे. पण त्याने फरक एवढाच पडला की बापाची कैद मुलाला वारसाने मिळाली. पिंजऱ्यात एकसारखा येरझाऱ्या घालणारा वाघ ज्यांनी पाहिला आहे त्यांस याहून अधिक पुरावा नको. रानात मैलोगणती फिरण्यासाठी घडलेले ते पाय आहेत.

राजाचा बचाव वैभवाचा, सर्कशीचा बचाव विद्येचा. मदारी आणि दरवेशी यांचा बचाव पोटाचा होता, आणि तो सर्वांत प्रामाणिक होता. पण दरवेशाचे अस्वल कसे तयार होते ते ऐकले म्हणजे अंगावर काटा येतो. आईला मारून वा हुसकून पिल्लू आणावयाचे, तापलेल्या सुईने त्याच्या नाकाडाला भोक पाडून त्यातून दोरी ओवावयाची, दात पाडावयाचे, नखे काढावयाची. दोरीला हिसडा बसला की वेदनेने ते मागच्या पायांवर उभे राहते. लोक म्हणत, अस्वल नाचते आहे. आजाऱ्याला अस्वलाचा केस बांधण्यासाठी आयाबाया पदर पसरीत. त्यांच्या मनात क्रौर्य नव्हते. त्यांना नाकातली दोरी दिसत होती, तिच्यामागची हकीकत दिसत नव्हती.

ती दिसावी म्हणून प्रथम कायद्याचा हात लागला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध खाजगी विधेयक आणले. सरकारने विषय आपल्या हाती घेण्याचे आश्वासन दिले, आणि १९६० साली प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातून धरपकड करणे हाच गुन्हा ठरविला. १९९८ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकविण्यास व दाखविण्यास मनाई केली. सर्कसवाले न्यायालयात गेले. धंदा करण्याच्या आमच्या मूलभूत हक्कावर हा घाला आहे, असे त्यांचे म्हणणे. केरळच्या उच्च न्यायालयाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ते अमान्य केले. एकशेवीस वर्षांपूर्वी मुंबईस सुरू झालेला एक अध्याय अशा रीतीने संपला. दामू धोत्रे ज्या रिंगलिंग सर्कशीत गाजले, तिने २०१६ साली आपले हत्ती निवृत्त केले, २०१७ साली ती बंद पडली, आणि २०२३ साली पुन्हा उभी राहिली ती एकही जनावर न घेता.

१९९८ च्या त्या यादीत हत्ती नव्हता, याकडे लक्ष वेधले पाहिजे. कारण हत्तीपाशी चौथा बचाव होता, भक्तीचा. कोल्हापूरजवळ जोतिबाच्या देवस्थानाला २००७ साली भेट मिळालेला सुंदर नावाचा हत्ती साखळदंडात ठेवल्यावरून वाद झाला, आणि न्यायालयाच्या आज्ञेने २०१४ साली त्याला बंगळूरजवळ बन्नेरघट्ट येथे पाठविले. त्याहून मोठी खळबळ २०२५ साली उडाली. शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठात १९९२ पासून असलेली महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण, तिच्या पायांचे व सांध्यांचे विकार ध्यानात घेऊन, जामनगर येथील केंद्रात पाठविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निरोप देताना गाव रडले. नंतर हजारो लोक रस्त्यावर आले, आणि तिला परत आणावे म्हणून सह्यांची मोहीम झाली.

त्या अश्रूंना हसणारा मनुष्य आम्हांला शहाणा वाटत नाही. तेहेतीस वर्षे जिला घास भरविला, तिच्या जाण्याने गाव सुने होणारच. शिवाय लोकांचा एक प्रश्न खराही होता. गावाकडून काढलेला हत्ती धनिकाच्या संस्थेकडे गेला, तर त्याला मोकळा झाला म्हणावयाचे काय? या प्रश्नाला झटपट उत्तर नाही. मोठे मैदान, तळे, औषधपाणी आणि स्वजातीची संगत या गोष्टी साखळीहून फार चांगल्या. पण त्याही बंदिवासातच मिळतात. जो एकदा पकडला गेला त्याला पुरते मोकळे करण्याचे सामर्थ्य न्यायालयातही नाही, मठातही नाही, आणि श्रीमंताच्या तिजोरीतही नाही. म्हणूनच पुढचा प्राणी न पकडणे एवढाच निर्दोष मार्ग शिल्लक राहतो. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील एका कृष्णमंदिराने २०२३ साली उत्सवासाठी यांत्रिक हत्ती स्वीकारला. त्याने भक्तीत काही उणे आले असे आम्हांला वाटत नाही.

या सुधारणेची एक बाजू मात्र अजून अपुरी आहे. मनाईचा पहिला फटका बसला तो दरवेशी आणि मदारी यांस, कारण त्यांच्यापाशी वकील नव्हता. उत्तरेत कलंदरांची अस्वले सोडविताना काही संस्थांनी त्यांना दुसरा धंदा आणि मुलांना शाळा मिळवून दिली, आणि २००९ पर्यंत ती प्रथा जवळजवळ संपविली. जेथे असे झाले तेथे अस्वलही सुटले आणि माणूसही सुटला. जेथे नुसती जप्ती झाली तेथे दोरीचे एक टोक मोकळे झाले, दुसऱ्या टोकाचा माणूस तसाच उपाशी राहिला. दयेचा विचार करणाऱ्याने ही दोन्ही टोके पाहिली पाहिजेत.

मग मुलांनी रानचे प्राणी पाहावयाचेच नाहीत काय, असे कोणी विचारील. पाहावेत, त्यांच्या घरी जाऊन पाहावेत. पैठणचा नाथसागर जांब समर्थाहून फार दूर नाही. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी येतात, इतर पाहुणे पक्षी येतात, आणि ऊन तापू लागले की निघून जातात. त्यांना बोलविण्यास कोणी डमरू वाजवीत नाही, आणि एखाद्या वर्षी ते आले नाहीत तर तक्रार करण्यास जागा नाही. मुलांना तेथे पहाटे न्यावे, काठावर गप्प बसवावे, आणि पक्षी उडून गेले तर तेही पाहू द्यावे.