मुळा-प्रवरा : सहकारी वीजपुरवठ्याची चार दशके

मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्थेने १ फेब्रुवारी १९७१ पासून ३१ जानेवारी २०११ पर्यंत, म्हणजे बरोबर ४० वर्षे, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात वीज वितरित केली. मुख्यालय श्रीरामपूरला होते. श्रीरामपूर आणि राहुरी हे तिचे मूळ क्षेत्र. अखेरीस राहाता, संगमनेर व नेवासे तालुक्यांतील काही गावे धरून १८३ गावे आणि दीड लाखांहून अधिक ग्राहक तिच्या जाळ्यावर होते. खेड्यातील वीजपुरवठा भरवशाचा कशामुळे होतो आणि तो भरवसा कुठे तुटतो, हे या संस्थेच्या इतिहासात टप्प्याटप्प्याने दिसते.

या भागात विजेची मागणी उसामुळे वाढली. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर बागायत उभी राहिली. पुढे लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला. कालव्याचे पाणी आवर्तनाने येते, म्हणून दोन आवर्तनांमध्ये पीक जगवण्याचे काम विहिरीवर पडते. विहिरीवरचे ऑइल इंजिन डिझेल खाणारे आणि सतत देखभाल मागणारे होते, विजेची मोटार स्वस्त पडे. पण इंजिन शेतकऱ्याच्या हातात होते आणि मोटार तारेच्या दुसऱ्या टोकावर अवलंबून होती. मोटार बसवली की वीज कधी येते, किती दाबाने येते आणि गेल्यावर किती दिवसांनी परत येते, हे तीन प्रश्न शेतीचेच प्रश्न झाले.

१९६९ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केले. अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा अनुभव समोर ठेवून देशात पाच प्रायोगिक संस्थांना पाठबळ देण्यात आले : महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, कर्नाटकात हुकेरी, गुजरातेत कोडिनार, आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौ. मुळा-प्रवराची नोंदणी १९६९ मध्येच झाली. संस्था राज्य वीज मंडळाकडून घाऊक वीज घेई आणि आपल्या वाहिन्या व रोहित्रे यांच्यामार्फत ती सभासदांपर्यंत पोहोचवी. ग्राहक हाच भागधारक असल्याने गावातील तक्रार संचालकांच्या कानावर लवकर जाई. दूरच्या मुख्यालयातून चालणाऱ्या मंडळाच्या तुलनेत हे मोठे बळ होते.

पुरवठ्याची पहिली कडी मात्र संस्थेच्या हाती नव्हती. तिचे स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र नव्हते. राज्याच्या जाळ्यात तुटवडा आला की मुळा-प्रवराच्या गावांतही अंधार होई. २००५ नंतर राज्यभर भारनियमन तीव्र झाले. शेतीपंपांना थ्री-फेज वीज दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास, पाळीपाळीने देण्याची पद्धत रुळली. रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याला अंधारात पाणी धरावे लागे.

दुसरी कडी म्हणजे वितरणाचे जाळे. ११ हजार व्होल्टची वाहिनी जितकी लांब आणि तिच्यावर पंप जितके जास्त, तितका शेवटच्या टोकाला दाब कमी. दाब कमी झाला की मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते आणि तिचे वायंडिंग जळते. तीनपैकी एक फेज गेला तरी परिणाम तोच. गावात ज्याला ‘डीपी’ म्हणतात ते रोहित्र मंजूर भारापेक्षा जास्त मोटारी आणि तारेवर टाकलेले आकडे यांमुळे जळते. एक डीपी जळाली की तिच्यावरचे सगळे पंप बंद पडतात आणि उभे पीक दुरुस्तीची वाट पाहते. पंपाला कपॅसिटर बसवणे, भार वाटून देणे आणि राखीव रोहित्र जवळ ठेवणे हे त्यावरचे साधे उपाय होत.

तिसरी कडी हिशेबाची, आणि संस्था तिथेच अडली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. संस्था वीज युनिटवर विकत घेई आणि मोठा हिस्सा अश्वशक्तीवर विकी. पंप जास्त तास चालला की खरेदीचे बिल वाढे, वसुली तेवढीच राही. त्यात गळती, चोरी आणि थकबाकीची भर पडली. घाऊक खरेदीचा दर किती असावा, यावर संस्था आणि मंडळ यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. अखेरच्या काळात संस्थेकडील थकबाकीचा आकडा दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला होता. पैसा अडला की वाहिन्या बदलणे आणि नवी उपकेंद्रे उभारणे लांबते, हे कोणत्याही वीज वितरकाला लागू आहे.

भरवसा मोजण्याची कायदेशीर पद्धत उशिरा आली. वीज कायदा २००३ नुसार सेवेचे किमान मानक ठरवण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाला मिळाला आणि २००५ मध्ये आयोगाने त्याचे विनियम केले. वर्षभरात सरासरी ग्राहकाची वीज किती वेळा गेली आणि एकूण किती वेळ गेली, हे त्यातील मुख्य निर्देशांक आहेत. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती न झाल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. मात्र वेळापत्रक जाहीर करून केलेले भारनियमन या मोजणीत धरले की नाही, यावर निष्कर्ष बदलतो. माहिती साठवणाऱ्या डेटा सेंटरला हाच मापदंड लावतात : तिसऱ्या श्रेणीच्या केंद्राकडून ९९.९८२ टक्के उपलब्धता अपेक्षित असते, म्हणजे वर्षाला सुमारे ९५ मिनिटांचा खंड. त्यासाठी पर्यायी वीजमार्ग, बॅटऱ्या आणि जनरेटर ठेवावे लागतात. शेतीपंपामागे अशी दुसरी फळी नसते. म्हणून मूळ पुरवठ्याचा दर्जाच तिथे निर्णायक ठरतो.

२०११ च्या जानेवारीत परवान्याची मुदत संपत असताना नियामक आयोगाने या क्षेत्रातील वितरणाचा परवाना महावितरणला दिला. खांब, तारा आणि रोहित्रे संस्थेचीच असल्याने त्यांच्या वापराचा मोबदला हा नवा वाद उभा राहिला. दरमहा १ कोटी रुपये देण्याचे ठरले आणि प्रकरण वीज अपील न्यायाधिकरणापर्यंत गेले.

हुकेरीची संस्था बेळगाव जिल्ह्यात पुढेही वीज वितरित करत राहिली. तेव्हा सहकार आणि वीज यांचे जमत नाही, असा अर्थ मुळा-प्रवराच्या शेवटातून काढता येत नाही. गावाजवळची यंत्रणा आणि सभासदांचा अधिकार ही तिची खरी कमाई होती. पण पुरवठादार पारखताना स्रोत, जाळे आणि हिशेब या तिन्ही कड्या एकत्र तपासाव्या लागतात. मुळा-प्रवराची पहिली कडी दुसऱ्याच्या हाती होती आणि तिसरी तुटली. मधली कडी एकटी पुरवठा तोलून धरू शकली नाही.