कुरणावर वाळत घातलेला कमोडोर

जुना डेस्कटॉप संगणक उघडला की त्याची बहुतेक दुखणी हाताने बरी करता येतात. फुगलेला कपॅसिटर काढून नवा बसवता येतो, गळक्या बॅटरीने खाल्लेली बोर्डावरची वाट बारीक तारेने पुन्हा जोडता येते. घोडं अडतं ते बाहेरच्या खोक्यापाशी. साईच्या रंगाचा, कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० वीस-तीस वर्षांत पिवळाजर्द होतो आणि साबण, स्पिरिट, घासणी कशालाच दाद देत नाही. देणार कशी? तो मळ नव्हेच. प्लास्टिकच्या पृष्ठभागातच तो रंग तयार झालेला असतो.

या खोक्यांचा आधीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९५०च्या दशकात एबीएस नावाचं चिवट प्लास्टिक बाजारात आलं. १९७७चा ॲपल टू, १९८१चा आयबीएम पीसी, मग कचेऱ्याच कचेऱ्या फिकट रंगाच्या खोक्यांनी भरल्या. मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

या पिवळेपणावरचा उतारा ‘रेट्रोब्राइट’ नावाने प्रसिद्ध आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात चिमूटभर ‘ऑक्सी’ धुलाई पावडर, आणि वरून ऊन किंवा अतिनील दिवा. झँथन गम आणि ग्लिसरीन घालून त्याचा लेपही करतात. ही कृती ज्यांनी जगापुढे मांडली त्यांनीच तिचं मूळ नोंदवून ठेवलंय: मार्च २००८मध्ये, जर्मनीतल्या वुपर्टाल शहरातल्या कमोडोर संग्रहालयात, काही भाग पेरॉक्साइडमध्ये दिवसचे दिवस बुडवून ठेवले आणि ते उजळून निघाले. हा शोध योगायोगाने लागला, असंही ते सांगतात.

मी अडखळलो तो ‘वुपर्टाल’ या नावावर.

पण आधी प्रतिस्पर्धी घराण्याचं म्हणणं ऐकू. काही हौशी मंडळी या कृतीचं कूळ केशकर्तनालयात शोधतात. पुरावाही भरभक्कम आहे. आज सर्रास वापरतात ती बाटली ब्यूटी पार्लरमधलीच, ‘४० व्हॉल्यूम’ची. म्हणजे एक लिटर द्रावणातून चाळीस लिटर ऑक्सिजन सुटेल एवढं, सुमारे १२ टक्के तीव्रतेचं पेरॉक्साइड. तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८मध्ये ते शोधलं आणि १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात केस सोनेरी करण्याचं पाणी म्हणून ते मिरवलं गेलं. केसातलं मेलॅनिन आणि प्लास्टिकमधले पिवळे रेणू, दोघांचीही रंग दाखवणारी साखळी ऑक्सिजन तोडतो. झालं, वंशावळ पूर्ण!

मला हे पटत नाही. केसांना लावायच्या क्रीमला ऊन लागत नाही. रेट्रोब्राइटची नेहमीची रीत उन्हावर किंवा दिव्यावर चालते. शिवाय ती ‘ऑक्सी’ पावडर पार्लरमध्ये कुठून आली? पार्लरने बाटली दिली, रीत दिली नाही. रीत वुपर्टालची.

वुपर्टाल म्हणजे वुपर नदीचं खोरं. एल्बरफेल्ड आणि बार्मेन ही त्यातली जुनी गावं. त्यांचं मिळून एक शहर १९२९मध्ये झालं. १५२७मध्ये ड्यूक योहान तिसरा याने या दोन गावांना एक सनद दिली, ‘गार्ननारुंग’ नावाची. आपल्या मुलखात लिननच्या सुताला पांढरं करण्याचा हक्क फक्त यांचा! वुपरचं पाणी मऊ, चुना जवळजवळ नाहीच. सूत राखेच्या क्षारपाण्यात उकळायचं, नदीकाठच्या कुरणांवर पसरायचं, आणि ऊन असेतो लाकडी पळ्यांनी पाणी मारत राहायचं. सूत सुकता कामा नये. असं आठवडेच्या आठवडे. ओलावा, हवा आणि प्रकाश मिळून रंग फोडत. त्या सुतावर गिरण्या उभ्या राहिल्या, गिरण्यांमागून रंग आले. १८६३मध्ये बायर कंपनी निघाली तीही बार्मेनमध्येच.

आता रेट्रोब्राइट करणाऱ्याला अंगणात पाहा. खोकं उन्हात मांडलंय, लेप सुकू नये म्हणून वर प्लास्टिकचं पातळ आवरण, थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा हात फिरवणं, सगळीकडे सारखं ऊन लागावं म्हणून फिरवून ठेवणं. लेप मध्येच सुकला तर पांढरे चट्टे पडतात. कुरणावरच्या कामगाराला हे नव्याने शिकवावं लागलं नसतं.

संग्रहालयातल्या माणसाच्या मनात १५२७ची सनद होती, असं मी म्हणत नाही. दुवा वेगळाच आहे, आणि तो त्या पावडरीत आहे. वुपर्टालपासून जेमतेम तीसेक किलोमीटरवरच्या ड्यूसेलडॉर्फमध्ये हेन्केल कंपनीने १९०७मध्ये ‘पर्सिल’ काढली: पर्बोरेट आणि सिलिकेट. गरम पाण्यात पर्बोरेटमधून पेरॉक्साइड सुटतं. कपडे गवतावर पसरायची गरजच संपली. म्हणजे कुरण डब्यात भरलं गेलं. पुढे थंड पाण्यातही काम व्हावं म्हणून टीएईडी हे साहाय्यक द्रव्य आलं. ‘ऑक्सी’ पावडरीतून रेट्रोब्राइटला हवं असतं ते हेच. तेव्हा कूळ असं लागतं: कुरण, पर्सिल, ऑक्सी, अमिगा. पार्लर हे मामाचं घर, फार तर.

आक्षेप एकच उरतो, रसायनाचा. रेट्रोब्राइटवाल्यांनी पिवळेपणाचं खापर आग रोखण्यासाठी घातलेल्या ब्रोमीनच्या संयुगांवर फोडलं. दुसरा पक्ष एबीएसमधल्या ब्युटाडाइनकडे बोट दाखवतो: त्याच्या दुहेरी बंधांना ऑक्सिजन चिकटतो आणि निळा प्रकाश शोषणारे गट तयार होतात. अमेरिकन सुपर निन्टेंडोची वरची बाजू पिवळी आणि खालची करडी राहिलेली अनेकांनी पाहिली असेल. घाणा बदलला की नशीब बदलतं, एवढं त्यावरून नक्की. माझा कौल ब्युटाडाइनला, पण दोघांचाही वाटा असेल. माझ्या वंशावळीला दोन्ही चालतात. अलीकडे काहींनी पेरॉक्साइड न लावता नुसत्या उन्हात खोकी ठेवली आणि तीही उजळली, तेव्हा तर पार्लरपक्षाची बाटलीसुद्धा गेली.

उजळलेलं प्लास्टिक काही वर्षांत पुन्हा पिवळं पडतं, म्हणून कित्येक जण या कृतीला फसवी म्हणतात. जीर्णोद्धाराच्या मापाने ती फसवीच आहे. पण लिननच्या चादरीही पिवळ्या पडत आणि दर हंगामात पुन्हा गवतावर जात. त्याला कुणी फसवणूक म्हटलं नाही. हा जीर्णोद्धार नव्हे, धुलाई आहे. धुलाईला टिकाऊपणाची हमी कोण मागतो?