शत्रूची भाषा, शेजाऱ्याची भाषा

पेठ वडगावात लढायांचा विषय निघाला की पहिले नाव येते सेनापती धनाजी जाधवांचे. १७०८ साली त्यांचा मृत्यू याच गावी झाला आणि त्यांची समाधीही इथेच आहे. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही आख्यायिका इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धाचे बोलणे मात्र बहुधा चित्रपटांवरून निघते. हिटलर, रणगाडे, अणुबाँब आणि अलीकडे ‘एनिग्मा’. त्या बोलण्यात तीन मते हमखास ऐकू येतात. पहिले, ते युद्ध दूर युरोपात झाले, आपला संबंध पलटणीत गेलेल्या जवानांपुरता. दुसरे, जर्मनांची सांकेतिक लिपी इंग्रजांच्या पहिल्या संगणकाने फोडली. तिसरे, आता भाषांतर यंत्रच करते, तेव्हा परकी भाषा शिकण्यात वर्षे घालवायची कशाला?

तिन्ही मते वरवर वेगळी दिसतात, पण त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. माणसाने कष्टाने शिकलेल्या भाषेचा वाटा तिन्हींतून गळून गेला आहे. तो वाटा केवढा होता हे तपासण्याची सुरुवात वडगावाजवळच करता येते.

वळिवड्याचे पोलंड

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर, कोल्हापूर शहराच्या पूर्वेला वळिवडे आहे. १९४३ ते १९४८ या काळात पंचगंगेजवळच्या या गावी पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसे तिथे राहून गेली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती.

ही माणसे इथवर आली कशी? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधली लाखो माणसे मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेण्यात आली. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली. त्यानंतर लंडनमधले निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या कैद्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून फौज उभारली. १९४२ मध्ये ही फौज आणि तिच्यामागून आलेली कुटुंबे इराणात उतरली. पुरुष लढायला गेले आणि बायका-मुलांची रवानगी आफ्रिकेपासून हिंदुस्थानापर्यंत जिथे आसरा मिळेल तिथे झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतले, ती हकिगत बरीच प्रसिद्ध आहे. आकाराने मोठी वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात होती.

या मुलांचे वडील आणि भाऊ १८ मे १९४४ रोजी इटलीत मोंते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोचले. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉसचा पराक्रम केला. घाडगे त्या दिवशीच धारातीर्थी पडले. मराठी मुलखातले जवान इटलीत आणि इटलीत लढणाऱ्या पोलिश जवानांची मुले मराठी मुलखात, असा तो काळ होता. ‘ते युद्ध दूर युरोपात झाले’ हे पहिले मत इथेच ढासळते.

पोझनानचे तीन विद्यार्थी

दुसऱ्या मताकडे वळू. योगायोग असा की त्याचे उत्तरही पोलंडमध्येच आहे.

एनिग्मा हे टंकलेखनयंत्रासारखे दिसणारे उपकरण होते. आत तीन फिरत्या चकत्या असत. एक अक्षर दाबले की विजेचा प्रवाह त्यांतून वळणे घेत जाई आणि दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागे. पुढच्या अक्षराला चकती एक घर सरके, म्हणजे वाट पुन्हा बदले. २६ अक्षरे आणि तीन चकत्या म्हणजे १७,५७६ स्थिती. चकत्यांचा क्रम सहा प्रकारे लावता येई, तो धरला तर १,०५,४५६. त्याशिवाय पुढच्या बाजूच्या तारांच्या जोडण्या वेगळ्याच. फ्रेंच आणि ब्रिटिश तज्ज्ञांना तेव्हा या यंत्राचा भेद करता येत नव्हता.

पोलिश गुप्तलेखन विभागाने १९२९ साली पोझनान विद्यापीठात गणिताच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी एक वर्ग गुपचूप सुरू केला. पोझनानच का? १९१८ पर्यंत तो प्रदेश प्रशियाच्या अमलाखाली होता. शाळा जर्मन, कचेरी जर्मन. त्या पिढीला राज्यकर्त्यांची भाषा सक्तीने शिकावी लागली होती. आता गणित आणि जर्मन ही दोन्ही उत्तम येणारी मुले हवी होती, आणि ती तिथेच मिळणार होती. मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे तिघे त्या वर्गातून पुढे आले.

रेयेव्स्की यांनी १९३२ च्या डिसेंबरात यंत्राच्या आतल्या तारांची मांडणी कागदावर गणिताने शोधून काढली. त्यांना फ्रेंचांनी एका जर्मन फितुराकडून मिळवलेली काही कागदपत्रे उपयोगी पडली. तरी एक गाठ सुटेना. कळफलकावरची अक्षरे पहिल्या चकतीला कोणत्या क्रमाने जोडली असतील? व्यापारी एनिग्मात तो क्रम कळफलकाचाच होता, पण तो धरून समीकरणे सुटत नव्हती. रेयेव्स्की यांनी विचार केला की जर्मनांना व्यवस्थितपणाची भारी हौस, त्यांनी सरळ वर्णमालेचाच क्रम ठेवला असेल. तसाच निघाला! हा तर्क गणिताच्या पुस्तकात सापडणारा नव्हता. ज्यांच्यात वाढलो त्या लोकांची सवय ओळखण्यातून तो आला होता.

पुढेही तेच झाले. संदेश पाठवणाऱ्या शिपायाने दर संदेशासाठी तीन अक्षरे मनाने निवडायची असत. आळसाने तो एकच अक्षर तीनदा घेई. वरिष्ठांनी त्याला मनाई केली, तर तो पुनरावृत्ती इतकी कसोशीने टाळू लागला की त्यातूनही सुगावा लागे.

यंत्राचा वाटा

यंत्रे नंतर आली. पोलिश मंडळींनी आधी एक लाखावर स्थितींची सूची तयार केली. त्या कामाला वर्षाहून अधिक काळ लागला. मग जर्मनांनी पद्धत बदलली आणि ती सूची निरुपयोगी झाली. १९३८ च्या अखेरीस त्यांनी ‘बोम्बा’ नावाची विजेवर चालणारी सहा यंत्रे बनवून घेतली. चकत्यांच्या प्रत्येक क्रमासाठी एक यंत्र. दिवसाची किल्ली सुमारे दोन तासांत सापडू लागली. त्याच डिसेंबरात जर्मनांनी आणखी दोन चकत्या वापरात आणल्या. पाचांतून तीन निवडून लावायच्या म्हणजे सहाऐवजी साठ क्रम झाले. साठ यंत्रे बनवण्याइतका पैसा त्या गरीब देशाकडे नव्हता. २५ आणि २६ जुलै १९३९ रोजी वॉर्साजवळच्या पिरीच्या जंगलात पोलिशांनी आपले सारे ज्ञान फ्रेंच आणि ब्रिटिश पाहुण्यांसमोर मांडले. पाच आठवड्यांनी युद्ध पेटले.

ब्लेचली पार्कमध्ये ॲलन ट्यूरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी जी नवी यंत्रे रचली, ती वेगळ्या तत्त्वावर चालत आणि त्यांचे श्रेय निर्विवाद त्यांचेच आहे. पण ती यंत्रे संगणक नव्हती आणि आपण होऊन काही शोधतही नव्हती. संदेशात कोणते जर्मन शब्द असतील याचा अंदाज आधी माणसाने द्यायचा, मग यंत्राने तो पडताळायचा. हवामानाच्या वृत्तात ‘हवामान’ हा शब्द येणारच, अमुक अधिकाऱ्याला लिहिताना अमुक पदवी लागणारच, हे जर्मन लष्करी भाषा मुरलेल्या माणसालाच सुचे. ज्याला संगणकाचा पूर्वज म्हणता येईल तो कोलोसस टॉमी फ्लॉवर्स यांनी टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत बांधला आणि १९४४ च्या आरंभी तो कामाला लागला. त्यात सुमारे दीड हजार व्हॉल्व्ह होते. पण तो एनिग्मासाठी नव्हताच. जर्मन सेनाप्रमुखांच्या लोरेन्झ नावाच्या वेगळ्या यंत्रासाठी तो बांधला होता. संगणकाने एनिग्मा फोडला हे दुसरे मत असे दोन्ही बाजूंनी चुकते.

जपानी भाषेची कथा तर आणखी बोलकी आहे. जपान युद्धात उतरल्यावर ब्रिटिशांना जपानी जाणणारे पुरेसे लोक मिळेनात. निवृत्त नौदल अधिकारी कॅप्टन ऑस्वल्ड टक यांनी फेब्रुवारी १९४२ मध्ये बेडफर्ड येथे सहा महिन्यांचा वर्ग सुरू केला. तज्ज्ञांना हे अशक्य वाटत होते. टक यांनी ग्रीक-लॅटिन शिकलेली तरुण मुले निवडली, फक्त तारांमध्ये येणारी लष्करी जपानी शिकवली आणि काम भागवले. या वर्गांतून तयार झालेली काही मंडळी दिल्लीच्या केंद्रात जपानी संदेश वाचायला बसली.

परतण्यासाठी शिकलेली भाषा

आता पुन्हा वळिवड्याला. वसाहतीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, बालवीरांची पथके होती, नाटके होत. शिक्षण पोलिश भाषेत चाले, कारण सगळ्यांना घरी परतायचे होते. सायबेरियात शाळेविना वर्षे गेलेली मुले चटयांच्या भिंतींआड बसून पोलंडचा भूगोल पाठ करत होती.

युद्ध संपले आणि तो भूगोलच बदलला. त्यांची बहुतेक गावे सोव्हिएत हद्दीत गेली. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या देशासाठी भाषा जपली, तो देश त्या रूपात उरला नाही. थोडे लोक पोलंडला परतले, बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. एक मुलगी लग्न करून कोल्हापूरची सून झाली. वसाहत रिकामी होताच फाळणीने उखडलेले सिंधी तिथे आले आणि गांधीनगर वसले. एकाच जागेने दोन निर्वासित समाज पाहिले.

कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. पण वसाहतीतल्या मुलांनी पुढे ज्या आठवणी लिहिल्या त्या मुख्यतः पोलिशमध्ये, थोड्या इंग्रजीत. पंचगंगेकाठचे आपले आजोबा-पणजोबा त्यांना कसे दिसले, हे वाचायचे तर त्यांची भाषा हवी. आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाचे एक प्रकरण आपल्याला न येणाऱ्या भाषेत पडून आहे.

आणि मोडी?

यावर तिसऱ्या मताचे उत्तर तयार असते, की यंत्राला वाचायला सांगू. छापील पोलिश यंत्र आज बऱ्यापैकी वाचते, हे खरे. पण धनाजी जाधवांच्या काळाचे काय? ताराबाई आणि शाहू यांच्या संघर्षात १७०७ च्या खेडच्या लढाईवेळी धनाजी शाहूंकडे गेले, हे आपण सांगतो. त्या काळाचे आणि पुढच्या करवीर राज्याचे अस्सल कागद मोडीत आहेत. लपेटीने लिहिलेली जोडअक्षरे, ऱ्हस्व-दीर्घाचा अभाव, शब्द न तोडता धावणाऱ्या ओळी. यंत्राला हे शिकवायचे तर आधी माणसाने वाचून बाळबोधीत उतरवलेले हजारो नमुने त्याच्यापुढे ठेवावे लागतात, आणि त्याने चूक केली तर ती ओळखणाराही लागतो. मोडी जाणणारी पिढी संपली तर यंत्राला शिकवणारे कोणी उरणार नाही. ब्लेचलीच्या यंत्रांची जी मर्यादा होती तीच आजच्या संगणकाची आहे. त्याचा वेग अफाट असला, तरी कोणत्या शब्दाचा संशय घ्यायचा हे त्याला आधी कोणीतरी सांगावे लागते.

पोझनानच्या मुलांवर जर्मन लादली गेली होती आणि तिचेच हत्यार झाले. वळिवड्याच्या मुलांनी पोलिश हौसेने जपली, तिच्यामुळे देश गेला तरी त्यांची माणसे एकमेकांना धरून राहिली. मोडी आपल्यावर कोणी लादणार नाही. हातकणंगले तालुक्यातल्या कुण्या मुलाला किंवा मुलीला धनाजींच्या समाधीवरून जाताना त्या काळचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचावासा वाटला, तर रोज थोडा वेळ काढून बसावे लागेल. जपानीसारखी परकी भाषा कॅप्टन टक सहा महिन्यांत शिकवत. मोडीत तर भाषा आपलीच आहे.