हजेरीपटाबाहेरची आई

१० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले यांनी नायगावहून, माहेरी आजारपणात असताना, जोतीरावांना एक पत्र लिहिले. त्यात फातिमाचा उल्लेख येतो. आपण पुण्यात नसल्यामुळे कामाचा सारा भार फातिमावर पडत असणार ही काळजी, आणि तरीही ती तक्रारीचा शब्द काढणार नाही हा विश्वास, दोन्ही त्या एवढ्याशा उल्लेखात आहेत. फातिमा शेख यांच्या नावाने आज कार्यक्रम होतात, त्यांची चित्रे लागतात, त्यांच्याविषयी वादही झडतात. आम्हाला मात्र त्या पत्रातला तो उल्लेख कोणत्याही चित्रापेक्षा मोलाचा वाटतो. मराठी मुलखातल्या काम करणाऱ्या मुस्लीम बाईविषयीच्या जुन्या नोंदींपैकी ही एक आहे, आणि ती काय सांगते? काम फार आहे, पण ही बाई बोलणार नाही. पुढच्या दीडशे वर्षांत आमच्या आयाबहिणींविषयी जे थोडेफार लिहिले गेले ते बहुतेक याच सुरात. त्या जरा कुरकुरल्या असत्या तर इतिहासकाराच्या हाती चार कागद तरी लागले असते.

मुस्लीम स्त्री म्हटले की आपल्याकडे चर्चा तलाक, पोटगी आणि पडदा यांच्यापलीकडे जात नाही. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर तर ती जणू केवळ एक खटला होऊन बसली. सुधारकांनी तिला कैवार घेण्यासाठी पुढे आणले, धर्मरक्षकांनी झाकण्यासाठी. पण चुलीवर भात, मांडीवर मूल आणि हातात मजुरीचे काम अशी जी बाई मालेगावात, भिवंडीत, सोलापुरात, कामठीत घरोघर बसलेली होती, तिच्या दिवसाचा हिशेब दोघांनीही मांडला नाही. तो मांडायचा म्हटला तर कायद्याच्या इतिहासातून जावे लागते, कारण कष्टकरी आईची सरकारदरबारी पहिली दखल तिथेच घेतली गेली.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून झाली. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. अकरा तास ही तेव्हा सवलत होती, हे ध्यानात घ्यावे. त्या अकरा तासांत तान्ह्या मुलाचे काय? १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबई सरकारसाठी गिरणीतल्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक सगळ्या कामकरी आया बाळाला अफू देत असल्याचे आढळले. जुन्या बायकांना ‘बाळागोळी’ हा शब्द माहीत आहे. मूल झोपेल तेवढा वेळ आईचा. या आयांना कोणी निर्दय म्हणू नये, त्यांना दुसरे पाळणाघरच नव्हते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले, १९७६ मध्ये तो आकडा तीसवर आणला.

या सर्व सुधारणांना एक अट होती, फाटकाची. जी बाई कारखान्याच्या फाटकातून आत गेली, जिचे नाव हजेरीपटावर चढले, तिच्यासाठी हे कायदे. आणि आमच्या बायका बहुसंख्येने फाटकाबाहेर होत्या. याचे कारण विचारले की लोक चटकन पडद्याकडे बोट दाखवतात. पडदा होताच, ते नाकारून चालणार नाही. पण मालाच्या धन्याचे गणितही तितकेच होते. बाई घरी बसून काम करते तेव्हा जागेचे भाडे तिचे, दिव्याचे तेल तिचे, मूल सांभाळण्याची जबाबदारी तिची, आणि कामाला हात लावणारी मुलेही तिचीच. कारखानदाराला इतका स्वस्त कारखाना दुसरा कोणता मिळणार? घरच्या पुरुषाने इज्जतीचे नाव घेतले आणि व्यापाऱ्याने नफ्याचे. दोघांचे एकमत झाले.

मालेगावचे उदाहरण घ्या. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेतून आलेले मोमीन विणकर तिथे स्थिरावले. हातमागावर बसणारा पुरुष ‘विणकर’ म्हणून ओळखला गेला. पण त्याच्या धोट्यात जी कांडी लागते, ती रहाटावर सूत गुंडाळून भरणारी बायको, आई, मुलगी यांना वेगळे नाव नाही. कांडी वेळेवर भरली नाही तर माग थांबतो आणि माग थांबला तर घरात बोलणी. तेव्हा भाकरी अर्धी तव्यावर टाकून ती रहाटाकडे धावणार. मजुरी मात्र कापडाची, म्हणजे पुरुषाची. १९३० च्या दशकात तिथे यंत्रमाग येऊ लागले. धंदा बदलला, कांड्या भरणे घरातच राहिले. मालेगावात सुटी शुक्रवारची. पुरुष नमाजला जातात, दोस्तांत बसतात, मुले मोकळी होतात. बाईचा शुक्रवार म्हणजे घरभराच्या आंघोळी, आठवड्याचे कपडे, पांढरे कुर्ते आणि दुपारचे बरे जेवण. मागाला आठवड्यातून एक दिवस विश्रांती होती, कांडी भरणाऱ्या हातांना तीही नव्हती.

आणि सोलापूर. १९९० मध्ये पहिले मुस्लीम मराठी साहित्य संमेलन ज्या गावात भरले, ते गाव विडी कामगार बायकांचे आहे. संमेलनाच्या मांडवापासून विडीवालीचे घर काही लांब नव्हते, पण आमच्या कथा-कवितांत ती फारशी आली नाही. सोलापूरच्या विडी उद्योगात तेलुगू भाषक पद्मशाली बायका मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्या शेजारी आमच्याही. दोघींचा दिवस सारखाच. आदल्या रात्री टेंभुर्णीची पाने भिजत घालायची. पहाटे पाण्याच्या रांगेत हंडा, मग चूल, डबे, शाळेची मुले. त्यातून वेळ मिळेल तशी साच्यावर पाने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, विडी वळायची, दोऱ्याने बांधायची. मूल रांगत आले की सूप उचलून वर ठेवायचे. ते तंबाखूत हात घालते आणि हात तोंडात. कोणी पाहुणा आला की उठायचे, सासूला औषध द्यायला उठायचे, दूध उतू जाते म्हणून उठायचे. हजार विड्यांचा आकडा पुरा करायचा तर घरातल्या आणखी दोन हातांशिवाय भागत नाही. माल घेऊन गेले की निवड होते. विडी आखूड, विडी सैल, असे म्हणून छाट बाजूला पडते आणि मजुरी कापली जाते. पाने खराब निघाली तरी भुर्दंड वळणारीलाच. रमजानमध्ये या सगळ्यात सहरीचा स्वयंपाक आणि इफ्तारीची धांदल मिसळते. रोजा असताना दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडाशी घेऊन बसणे काय असते, यावर कोणी प्रवचन केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या उठबशीलाच न्यायालयाने एकदा वेगळा अर्थ दिला. १९६० आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे विडी कामगारांचे दोन खटले आले. नागपूरच्या खटल्यातील कामगार कारखान्यात येऊन काम करीत, माल घरी नेण्याची मुभा त्यांना नव्हती. न्यायालयाने त्यांना कायद्याच्या अर्थाने कामगार मानले. दुसरा खटला शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यात बहुमताने असे ठरले की विडी वळणारा हवे तेव्हा येतो, हवे तेव्हा जातो, त्याच्या वेळेवर मालकाचे नियंत्रण नाही, म्हणून तो कारखाना कायद्यातील ‘कामगार’ नव्हे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे मत वेगळे पडले. हा खटला पुरुष कामगाराचा होता, पण त्या तर्काची झळ घरातल्या बाईला अधिक. ती दिवसातून वीस वेळा सूप खाली ठेवते, कारण मूल रडते. कायद्याच्या भाषेत हे तिचे स्वातंत्र्य! ज्या ओढाताणीने तिची कंबर मोडली, त्याच ओढाताणीवरून ती कामगार नाही असे ठरू शकत होते.

१९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने ही चूक बऱ्याच अंशी सुधारली. घरी बसून विडी वळणारीही कामगार, असे प्रथम स्पष्टपणे मान्य झाले. मालकांनी आव्हान दिले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७६ मध्ये कल्याण निधी आला, ओळखपत्रे आली, दवाखाने आले, मुलांना शिष्यवृत्त्या आल्या. हे थोडे नव्हे, आणि ते मोर्चे काढून मिळवलेले आहे. पण त्याच कायद्यातली एक विसंगती पाहा. विडी कारखान्याच्या जागेत स्त्रीला सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर काम देता येत नव्हते. घरात मात्र रात्री बारा वाजता दिव्याखाली विडी वळताना तिला पाहायला कोणी निरीक्षक येणार नव्हता. कारखान्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला बंदी, आणि १९८६ च्या बालकामगार कायद्यात कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सूट.

या सुटीची किंमत घरातल्या थोरल्या मुलीने मोजली. आमच्या घरांत तिला आपा म्हणतात, बाजी म्हणतात. आई विडीवर बसली की धाकट्याला कडेवर घेणारी ती, दुपारी भात चढवणारी ती, संध्याकाळी दोरा बांधणारीही ती. सातवीत, आठवीत तिची शाळा सुटते. त्याचे कारण म्हणून पुन्हा समाजाचे मागासलेपण सांगितले जाते. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आल्यावर आपण सर्वांनी शिक्षणाच्या टक्केवारीवर पुष्कळ बोलून घेतले. त्याच अहवालात मुस्लीम स्त्रिया घरबसल्या कामात अधिक संख्येने असल्याचेही नोंदवले आहे. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच चटईवर बसलेल्या असतात, हे मात्र कमी जणांनी म्हटले. मौलवीसाहेबांना दोष देणे सोपे आहे. हजाराचा आकडा पुरा होण्यासाठी आईला कोणाचे तरी हात लागतातच, आणि पाळणाघर नाही तिथे ते हात मुलीचे असतात.

नोकरी करणाऱ्या आईची कहाणी याहून निराळी, पण तीही आपल्याकडे एका बाईने मनमोकळेपणाने सांगितली. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन १९९५ मध्ये आले. हमीद दलवाईंच्या विचारांशी आमच्यातल्या पुष्कळांचे पटत नाही, तो वाद इथे काढण्याचे कारण नाही. इथे पाहायचे ते हे की त्यांनी पूर्णवेळ समाजकार्य केले, तेव्हा घर मेहरुन्निसाबाईंच्या खादी कमिशनमधल्या पगारावर चालले. दोन मुली, मुंबईतली नोकरी, घरी येणाऱ्या कार्यकर्त्यांचा राबता, पुढे नवऱ्याचे मूत्रपिंडाचे आजारपण. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या विधानभवनावर सात मुस्लीम स्त्रियांचा जो मोर्चा गेला, त्यात त्याही होत्या. त्या मोर्चाची तारीख सगळ्यांना पाठ आहे. पण चळवळीचा माणूस घरी कमावून आणत नाही तेव्हा ती चळवळ कोणाच्या पगारावर चालते, हा प्रश्न आपल्या चळवळींच्या इतिहासात अजून नीट विचारला गेलेला नाही. मेहरुन्निसाबाई २०१७ मध्ये पुण्यात वारल्या.

त्याच २०१७ मध्ये प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक ठरले. त्याच वर्षी जीएसटी आला आणि विडी कामगार कल्याण निधीला पैसा पुरवणारा उपकर रद्द झाला. एका आईला रजा वाढली, दुसरीच्या दवाखान्याचा झरा आटला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कायदाही त्यांत सामावला. घरबसल्या कामगाराची व्याख्या आता तिथे शोधावी लागते.

सोलापूरजवळ कुंभारी येथे २००६ मध्ये विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये तिथेच असंघटित कामगारांच्या रे नगरमधली पंधरा हजार घरे दिली गेली. पद्मशाली, मुस्लीम, दलित बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून मिळवलेली ही घरे. तिथल्या बायकांना विचारले तर त्या सांगतील, की पूर्वी झोपडीत विडी वळायचो, आता स्वतःच्या घरात वळतो. भिंत पक्की झाली. पाने अजून रात्रीच भिजत घालायची असतात.