‘ॲव्हरेज’ न देणारी गाडी : एका हौसेचा इतिहास

वापरलेली मोटारगाडी विकत घेताना मराठी माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. ‘किती फिरली आहे?’ हा पहिला, आणि ‘ॲव्हरेज किती देते?’ हा दुसरा. इंग्रजीत ‘मायलेज’ या शब्दाने गाडीने आजवर कापलेले अंतरही दाखवले जाते. आपल्याकडे तो शब्द पेट्रोलच्या हिशोबाकडे वळला. ‘ॲव्हरेज’ या निव्वळ गणिती शब्दाला तर आपण काटकसरीचाच अर्थ देऊन टाकला. या अर्थांतरात मोटारीकडे पाहण्याची एका समाजाची दृष्टी साठलेली आहे. गाडी ही संसारातली वस्तू आहे, तिने थोड्यात पुष्कळ द्यावे, अशी ती दृष्टी. तीत न बसणारी एक जात म्हणजे आकाराने लहान, पण इंजिनाने दांडगी अशी हॅचबॅक गाडी. लाखाच्या वर किलोमीटर धावलेली अशी एखादी गाडी कोणी हौसेने घेतो, आणि कचेरीत जाण्यासाठी न वापरता बंदिस्त ट्रॅकवर पळवण्याचे ‘खेळणे’ म्हणून ठेवतो. हौसेला मोल नसते, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. परंतु या हौसेला इतिहास आहे, आणि त्या इतिहासातला एक प्रश्न थेट जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यापर्यंत येऊन पोहोचतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच माग घेणार आहोत.

मोटारींच्या शर्यती प्रथम सार्वजनिक रस्त्यांवरच होत. १९०३ साली पॅरिसहून माद्रिदकडे निघालेली शर्यत चालक आणि प्रेक्षक यांच्या मृत्यूंमुळे बोर्दो येथेच थांबवावी लागली. त्यानंतर चार वर्षांनी, १९०७ मध्ये, इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे मोटारींसाठी मुद्दाम बांधलेली धावपट्टी सुरू झाली. इटलीतील ‘मिल्ले मिलिया’ ही हजार मैलांची शर्यत मात्र गावागावांतून चालूच राहिली. १९५७ साली एक भरधाव गाडी प्रेक्षकांत घुसली, त्यांत लहान मुलेही दगावली, आणि मग ती शर्यत त्या रूपात कायमची बंद झाली. ‘ट्रॅक’ या कल्पनेचा उगम केवळ वेगाच्या सोयीत शोधणे अपुरे ठरेल. ज्याने धोका पत्करला आहे त्याच्यापुरताच तो मर्यादित राहावा, वाटेवरच्या माणसाच्या माथी येऊ नये, ही एक नैतिक समज त्या कुंपणामागे आहे. ती बऱ्याच मृत्यूंनंतर आलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाला जागा मिळाली ती विमानतळांवर. इंग्लंडातील सिल्व्हरस्टोन हा मूळचा लष्करी विमानतळ. १९४८ साली तेथे ब्रिटिश ग्रां प्री झाली. आपल्याकडेही तसेच घडले. मद्रासजवळचे शोलावरम ही युद्धकाळातील धावपट्टी, आणि तेथील शर्यतींनी काही दशके देशभरचे हौशी चालक खेचून घेतले. मुंबईत जुहूच्या ज्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, तेथेही १९५०च्या दशकात मोटारी धावल्या. या शर्यतींत संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या परदेशी गाड्या असत, तशाच फियाट, हेरल्ड, अँबेसिडर अशा घरगुती गाड्याही असत. परवाना आणि आयातबंदीच्या त्या काळात शर्यतीची नवी गाडी आणणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून जुनीच गाडी उघडायची, तिचे वजन उतरवायचे, कार्ब्युरेटर बदलायचा आणि पळवायची. वापरलेल्या गाडीचे खेळणे करणे ही भारतीयांची परंपराच आहे, आणि ती टंचाईतून जन्मली आहे.

लहान गाडीचा वेगही टंचाईतूनच आला, हे येथे नोंदवले पाहिजे. १९५६च्या सुवेझ पेचप्रसंगामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलची ददात पडली. कमी पेट्रोलवर चार माणसे नेणारी गाडी हवी म्हणून ॲलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’ रचली, आणि १९५९ साली ती बाजारात आली. म्हणजे तिचा जन्म ‘ॲव्हरेज’साठीच झाला होता. परंतु चाके चार कोपऱ्यांत आणि वजन थोडे, यामुळे ती वळणावर विलक्षण चपळ ठरली. १९६१ मध्ये तिची ‘कूपर’ आवृत्ती निघाली, आणि १९६४ साली तिने मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून माँटे कार्लो रॅली जिंकली. मिनीला मागचे उघडणारे दार नव्हते. ते दार आणि हा वेग यांचा सांधा लोकप्रिय केला तो फोक्सवागनच्या ‘गोल्फ जीटीआय’ने. १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती मांडली गेली तेव्हा कंपनीचा अंदाज ५,००० गाड्यांचा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. आठवडाभर बाजारहाट आणि रविवारी ट्रॅक, असे दुहेरी आयुष्य मध्यमवर्गाला परवडू लागले.

महाराष्ट्राचा संबंध येथे अधिक जवळचा होतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडल्या, आणि त्यांनी मुंबईच्या टॅक्सीला तिचे रूप दिले. त्याच कुर्ल्यात २००१ साली ‘पालिओ’ तयार होऊ लागली. तिची १.६ लिटरची आवृत्ती सुमारे शंभर अश्वशक्तीची होती, आणि जाहिरातीला सचिन तेंडुलकर होता. पुढे चाकणला २००९ मध्ये फोक्सवागनचा कारखाना उभा राहिला. तेथील ‘पोलो’वर २०१० पासून एकाच जातीच्या गाड्यांची शर्यतमालिका सुरू झाली. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली १४५ अश्वशक्तीची ‘अबार्थ पुंटो’ आली. कुर्ला, चाकण, रांजणगाव ही तिन्ही नावे महाराष्ट्रातली. मात्र या गाड्या रीतसर पळवायच्या तर जायचे कोठे? १९९० मध्ये सुरू झालेला ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, दुसरा कोइमतूरला, आणि २०११चा बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडाला. नाशिकच्या परिसरात रॅली झाल्या, आंबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या. पण ज्या प्रांतात या गाड्या घडल्या, त्या प्रांतातल्या हौशी माणसाला वळणावळणाच्या बांधीव ट्रॅकसाठी दीर्घकाळ हजार किलोमीटरांच्या आसपास प्रवास करावा लागला.

बाजारात या गाड्यांचे काय झाले? पालिओची मोठ्या इंजिनाची आवृत्ती पेट्रोल पिते, ही तिची ख्याती झाली, आणि पाहता पाहता तिची किंमत उतरली. ‘ॲव्हरेज देत नाही’ हा शिक्का ज्या गाडीवर बसला, ती हौशी माणसाच्या आवाक्यात आली. म्हणजे ज्या काटकसरी दृष्टीने या गाडीला नाकारले, तिनेच तिला खेळणे होण्याची संधी दिली.

अशी गाडी घेणाऱ्याची पारख आम्हांला एखाद्या पाठचिकित्सकाच्या कामासारखी वाटते. मीटरवरचा आकडा हा पहिला साक्षीदार, पण सर्वांत कमी विश्वासार्ह. तो मागे फिरवता येतो. म्हणून जाणकार माणूस आकड्याला बाजूला ठेवून वापराच्या खुणा वाचतो. पेडलवरचे रबर किती झिजले आहे, स्टिअरिंगची कातडी कोठे गुळगुळीत झाली आहे, सर्व्हिसच्या नोंदींतले आकडे क्रमाने चढतात का. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर निळसर धूर निघाला, तर गाडी ऑइल खाते. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदललाच नाही असे धरून चालावे. कोकणपट्टीतल्या पावसाने आणि खाऱ्या हवेने खालचा पत्रा सडला असेल, तर मात्र गाडी सोडून द्यावी. इंजिनाचे काम करून घेता येते, सडलेला सांगाडा ट्रॅकवर विश्वासाचा राहत नाही.

आणि नव्याने येणारा माणूस आधी ताकद वाढवू पाहतो, जुना जाणता आधी ब्रेक पाहतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. वारंवार जोराने ब्रेक दाबले की ते तापते, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि पेडल पोकळ होऊन थेट खाली जाते. रस्त्यावर वर्षानुवर्षे निमूटपणे चाललेली गाडी ट्रॅकवर काही फेऱ्यांतच हे दाखवून देते. लांब वळणावर ऑइल एका बाजूला सरकते आणि पंप क्षणभर हवा ओढतो. सस्पेन्शनचे बुश आणि शॉकअप झिजलेले असतील, तर चाक वळते एकीकडे आणि गाडी जाते दुसरीकडे. अशी गाडी वेगाइतकीच स्वतःची मर्यादाही शिकवते. ती मर्यादा कळेपर्यंत भोवती कुंपण असावे लागते, आणि समोरून कोणी येत नसावे लागते.

येथेच जव्हार-मोखाड्याचा रस्ता आमच्या विवेचनात येतो. जव्हार हे मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान. चौदाव्या शतकापासूनचा त्याचा इतिहास सांगितला जातो. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात वायुदलात काम केले, आणि १९४८ साली संस्थान विलीन झाले. प्रथम ठाणे जिल्ह्यात असलेले हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. विक्रमगडहून चढून जव्हार, तेथून मोखाडा आणि पुढे त्र्यंबकेश्वर, असा हा घाटाचा, वळणांचा रस्ता. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याच्या आणि नाशिकच्या गाड्या धबधबे पाहायला येथे येतात. शहरातल्या गर्दीतून सुटलेल्या ताकदवान गाडीला हा रस्ता मोकळा वाटतो, आणि वळणे ओढ लावतात.

परंतु तो मोकळा नाही. त्याच्या कडेने वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी माणसे चालत असतात. डोईवर मोळी किंवा पाण्याचा हंडा, हातात शाळेतले मूल, पुढे गुरे. येथेही जुन्या गाड्यांना दुसरे आयुष्य मिळते, पण ते निराळे. शहराने टाकलेली जीप किंवा ट्रॅक्स येथे येते आणि आठवडी बाजाराच्या दिवशी मागच्या पायरीपर्यंत माणसे भरून चालते. किती फिरली आहे, हा प्रश्न तिला कोणी विचारत नाही. दवाखान्यापर्यंत पोहोचेल का, एवढेच पाहिले जाते. आणि पुष्कळ पाड्यांपर्यंत तीही पोहोचत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर जुळ्या बाळांचा जन्मानंतर मृत्यू झाला, आणि रस्ता नसल्याने त्यांच्या आईला डोलीतून न्यावे लागले. ही बातमी वृत्तपत्रांनी छापली होती. याच तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. शहराने येथून पाणी नेले. आता रस्त्याचा मोकळेपणाही आपलाच असे त्याने मानू नये.

मोटारवाहन कायद्याचे कलम १८९ सरकारच्या लेखी परवानगीविना सार्वजनिक जागी वेगाची स्पर्धा करण्यास मनाई करते. २०१९च्या दुरुस्तीने त्याची शिक्षाही वाढली. परंतु कायद्याला दिसते ती दोन गाड्यांची शर्यत. स्वतःच्याच कालच्या वेळेशी घाटात एकट्याने लावलेली शर्यत त्या कलमात सहज सापडत नाही, आणि वळणापलीकडच्या बाईला मात्र या दोहोंत काहीच फरक पडत नाही. १९०३ मध्ये बोर्दोला जे उमगले, ते येथे पुन्हा नव्याने उमगण्याची वाट पाहावी लागू नये.

म्हणून या हौसेला नाके मुरडण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. टाकून दिलेल्या यंत्रातले उरलेले सामर्थ्य ओळखणे, ते हातांनी दुरुस्त करणे, त्यासाठी आपल्या पगारातून पैसे साठवणे यांत एक निष्ठा आहे, आणि ती आदरणीय आहे. आमचे म्हणणे इतकेच, की ‘ट्रॅकवरचे खेळणे’ या शब्दसमूहात खेळण्याइतकेच महत्त्व ट्रॅकला आहे. महाराष्ट्रात सामान्य हौशी माणसाला परवडतील असे ट्रॅक व्हावेत, ही मागणी त्या माणसाने जोराने करावी. आणि जव्हारचा घाट चढताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात शांतपणे न्यावी. तो रस्ता ज्यांना पुरेसा मिळालेलाच नाही, त्यांचा तो आहे.